‘घरची गाडी’ म्हणून विकलेली व्यापाऱ्याची गाडी : एका खरेदीचे परीक्षण

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी पुण्यात एक जुनी गाडी विकत घेतली. २०१७ चे मॉडेल, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक, किंमत ३,८५,००० रुपये. गाडीबद्दल मी पुढे लिहिणारच आहे, पण हे परीक्षण मुख्यतः ती विकणाऱ्या माणसाचे आहे, कारण आपण जुन्या गाड्यांचा धंदा करतो ही गोष्ट लपवून त्याने स्वतःला घरातली एकुलती एक गाडी नाइलाजाने काढणारा गृहस्थ म्हणून सादर केले. त्याचे किंवा त्याच्या फर्मचे नाव मी देत नाही, आणि ज्या संकेतस्थळावर जाहिरात पाहिली त्याचेही देत नाही. आमचा वाद लेखी तडजोडीने मिटला आहे, आणि असा विक्रेता ज्याला वेळीच ओळखायचा आहे त्याला नावापेक्षा त्याची कामाची पद्धत कळणे अधिक उपयोगाचे आहे.

जाहिरात अगदी मोजकी होती. सिंगल ओनर, घरची गाडी, ४८,००० किलोमीटर, नॉन-अ‍ॅक्सिडेंट, आणि शेवटी ‘डीलर व एजंट यांनी फोन करू नये’ अशी सूचना. या सूचनेनेच मी निर्धास्त झालो, कारण जो स्वतः डीलरांना टाळतो तो डीलर कसा असेल, असा सरळ हिशेब मी केला. मी फोन केला आणि ‘गाडीबद्दल बोलायचे होते’ एवढेच म्हणालो, तेव्हा पलीकडून ‘कोणत्या गाडीबद्दल, काका?’ असा प्रश्न आला. ज्याच्या घरात विकायला एकच गाडी आहे तो हा प्रश्न विचारणार नाही, हे मला तीन आठवड्यांनी सुचले. ट्रूकॉलरवर त्याच्या नावापुढे ‘कार’ हा शब्द दिसत होता, तोही मी पाहिला होता. पण लोक नळवाल्याच्या नावापुढे नळ आणि रिक्षावाल्याच्या नावापुढे रिक्षा लिहून नंबर साठवतात, तसे गाडी पाहायला आलेल्या कोणीतरी लिहिले असेल, अशी समजूत मीच काढली.

गाडी दाखवण्याचे काम त्याने उत्तम केले, हे मान्य केले पाहिजे. चिंचवडमधल्या एका सोसायटीच्या फाटकाबाहेर झाडाखाली ती धुऊनपुसून उभी होती. ‘बाबांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून ती नुसती उभीच आहे, आईचा जीव आहे तिच्यात, पण मला दुसरी आहे, ठेवून काय करू’ असे तो म्हणाला. आरसीवर नाशिकच्या एका गृहस्थांचे नाव आणि पत्ता होता. ‘बाबा पूर्वी नाशिकला होते’ या एका वाक्यात त्याने तो प्रश्न निकालात काढला. गाडी चालवून पाहिली तेव्हा क्लच थोडा जड वाटला, पण ‘उभी होती ना काका’ या उत्तराने माझे समाधान झाले. मेकॅनिकला सोबत न नेण्याची चूक माझी आहे आणि तिचे गुण विक्रेत्याच्या खात्यातून वजा करण्याचा माझा हेतू नाही.

खरी गोष्ट कागदांत होती. टोकन म्हणून २५,००० रुपये यूपीआयने पाठवले, तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर माणसाचे नाव न येता शेवटी ‘एंटरप्रायझेस’ असलेले एक नाव आले. विचारल्यावर ‘भावाचे दुकान आहे, त्याचाच क्यूआर वापरतो’ असे उत्तर मिळाले. उरलेले ३,६०,००० रुपये मी आरटीजीएसने त्याच्या पत्नीच्या खात्यात भरले. फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे अर्ज, ज्यांना आपल्याकडे सर्रास टीटी फॉर्म म्हणतात ते, त्याने आधीच सही केलेले दिले. त्यांवर आरसीवरच्या गृहस्थांची सही होती, आणि घेणाऱ्याच्या नावाची व तारखेची जागा कोरी होती. सोबत एक छापील डिलिव्हरी नोट होती. तीत गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ, यापुढची चलने व अपघात यांची जबाबदारी घेणाऱ्याची, गाडी आहे त्या स्थितीत मान्य, असा सारा मजकूर होता, डाव्या कोपऱ्यात अनुक्रमांक होता आणि वरची सुमारे दोन इंचांची पट्टी नीट घडी घालून फाडलेली होती. आयुष्यात एकदा वडिलांची गाडी विकणाऱ्या माणसाकडे अनुक्रमांक घातलेले डिलिव्हरी नोटांचे पुस्तक कशाला असेल, हा प्रश्न त्या दिवशी मला पडला नाही.

तीन आठवड्यांत क्लच पूर्ण गेला. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये गाडी वर घेतली, तेव्हा मेकॅनिकने आधी मलाच खाली बोलावले. पुढच्या डाव्या बाजूचा एप्रन, म्हणजे बॉनेटखालचा चाकाजवळचा पत्रा, कापून नवा जोडलेला होता, वेल्डिंगवर काळा रंग मारलेला होता, बॉनेटच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा होत्या, आणि ४८,००० किलोमीटर चाललेल्या गाडीच्या पेडलांचे रबर इतके गुळगुळीत होत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन मी जुनी नोंद काढून घेतली. २०२३ मधल्या शेवटच्या सर्व्हिसच्या वेळी गाडी ९७,००० किलोमीटरच्या पुढे गेलेली होती. म्हणजे मीटर मागे फिरवलेला होता, आणि तोही निम्म्याहून अधिक.

आरसीवरच्या पत्त्यावर मी पत्र पाठवले. आठवड्याभरात नाशिकहून त्या गृहस्थांचा फोन आला. ते निवृत्त आहेत, गुडघे ठणठणीत आहेत, पुण्यात त्यांना मुलगा नाही. गाडी त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या एका डीलरला २,६०,००० रुपयांना विकली होती, आणि ती अजून आपल्याच नावावर आहे हे ऐकून ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले. सुदैवाने ते कागद जपणारे गृहस्थ निघाले. गाडी देताना मीटरचा फोटो काढून ठेवला होता, त्यात १,१२,६४० किलोमीटरचा आकडा स्पष्ट दिसत होता. आणि डीलरने त्यांना दिलेली डिलिव्हरी नोटही त्यांच्याकडे होती. तोच छापील मजकूर, त्याच जागी अनुक्रमांक, फक्त यांच्या प्रतीवर वरची पट्टी शाबूत होती आणि तीवर फर्मचे नाव, पत्ता व माझ्या ओळखीचा मोबाइल नंबर होता.

हा पुरावा मीटरच्या फोटोपेक्षा मोलाचा ठरला, आणि या परीक्षणात मला मुख्यतः हेच सांगायचे आहे. फसलेला ग्राहक सहसा गाडीतला दोष सिद्ध करण्याच्या मागे लागतो, मेकॅनिककडून लेखी अहवाल घेतो, तुटलेल्या भागाचे फोटो काढतो. हे सारे लागतेच. पण कायद्यात त्याच्याही आधीची पायरी अशी आहे की विकणारा कोण होता. मालविक्री कायदा, १९३० याच्या कलम १६ ची सुरुवातच घेणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावे या तत्त्वाने होते, आणि वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असावी ही गृहीत अट त्या प्रकारच्या मालाचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्यालाच लागू होते. खरोखरच वडिलांची गाडी विकणाऱ्या मुलाने काही कबूल केले नसेल, तर त्या गाडीच्या दर्जाची हमी कायदा त्याच्या गळ्यात घालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही हीच विभागणी आहे. स्वतःची एक गाडी एकदाच विकणाऱ्या गृहस्थाविरुद्ध ग्राहक आयोगात उभे राहणे अवघड आहे, त्याच्यासाठी दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता धरावा लागतो. तेव्हा ‘घरची गाडी’ हे शब्द केवळ गिऱ्हाइकाचे मन वळवण्यासाठी नसतात. ते खरे मानले, तर गिऱ्हाइकाच्या हक्कांतले अर्धे हक्क टोकन देण्याआधीच गळून पडतात.

गृहस्थ विक्रेत्याविरुद्ध काहीच करता येत नाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम १७ प्रत्येकाला लागू आहे. नुसते गप्प राहणे म्हणजे कपट नव्हे, असे ते कलम सांगते, पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे हे कपटच, असेही तेच कलम सांगते. मीटर मागे फिरवणे हे मौन नाही, ती कृती आहे. ‘तुम्ही सर्व्हिसची नोंद आधी का काढली नाही’ हा प्रश्न मला नंतर विचारला गेला. कलम १९ मध्ये तशी एक सवलत खरोखर आहे, की साध्या काळजीने सत्य कळण्यासारखे असेल तर करार रद्द करता येत नाही. पण ती चुकीची माहिती आणि कपटी मौन यांच्यापुरती आहे, मुद्दाम केलेल्या लपवाछपवीला ती लागू होत नाही. डिलिव्हरी नोटवरच्या ‘आहे त्या स्थितीत मान्य’ या ओळीचेही तसेच आहे. अशा लेखी अटीने गृहीत हमी बाजूला ठेवता येतात, कपट बाजूला ठेवता येत नाही.

हा माणूस कागदावर दिसत कसा नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतराची खबर आरटीओला द्यायची असते. मूळ मालकाकडून टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या घेतल्या आणि पुढचे नाव व तारीख शेवटच्या गिऱ्हाइकासाठी मोकळी ठेवली, की मधला माणूस आरसीवर कधीच येत नाही. गाडी तीन हातांतून फिरली तरी मालक ‘पहिला’च राहतो आणि जाहिरातीतला ‘सिंगल ओनर’ हा शब्द तांत्रिकदृष्ट्या खराही ठरतो. दरम्यान त्या गाडीने कोणाला उडवले तर काय होते, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात दिले आहे. गाडी हातोहात कितीही विकली गेली असो, नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. नाशिकचे काका घाबरले ते उगीच नव्हे.

ही पळवाट बुजवण्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. नोंदणी झालेल्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने फॉर्म २९ए भरून आरटीओकडून अधिकृतता घ्यायची, ती त्याला फॉर्म २९बी मध्ये मिळते, आणि गाडी ताब्यात आली की मालकाने व डीलरने मिळून फॉर्म २९सी ने तशी खबर ऑनलाइन द्यायची. ही खबर गेली की गाडीचा मानीव मालक डीलर ठरतो आणि मूळ मालक मोकळा होतो. नियम चांगला आहे. आपल्याकडे तो किती जणांना ठाऊक आहे हे पाहायचे असेल, तर घराजवळच्या जुन्या गाड्यांच्या कोणत्याही दुकानात जाऊन २९बी दाखवायला सांगावे आणि समोरच्याचा चेहरा पाहावा. नाशिकच्या काकांना २९सी हा शब्द प्रथम माझ्या तोंडून कळला.

लपण्याचे आणखी एक कारण कराचे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर जुन्या गाड्या विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या फरकावर सरसकट १८ टक्के कर आला, तर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला गाडी विकली तर कर नाही. माझ्या व्यवहारात तो फरक सव्वा लाखाचा होता आणि त्यावरचा कर २२,५०० रुपये होतो. बाबांच्या गुडघ्यांची किंमत निदान तेवढी होती.

तक्रारीचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि क्रमांक मिळाला, पण तो टप्पा समजुतीचा आहे, तिथून कोणावर सक्ती होत नाही. मग वकिलांमार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली, ती काकांच्या प्रतीवर शाबूत असलेल्या पट्टीवरच्या फर्मच्या पत्त्यावर. उत्तरात बाबा नाहीसे झाले होते आणि त्यांच्या जागी एक मित्र आला होता: ‘आम्ही डीलर नसून मित्राची गाडी केवळ ओळखीने विकून दिली.’ वकीलबाईंना हे उत्तर फारच आवडले. वडील आणि मित्र या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, पैसे फर्मच्या आणि पत्नीच्या खात्यात गेलेले आहेत, आणि दलाली घेऊन गाडी विकून देणे हीसुद्धा ग्राहक कायद्यात सेवाच आहे, असे त्यांचे मत पडले. त्याच मोबाइल नंबरावर त्या महिन्यात दिसलेल्या सात वेगवेगळ्या गाड्यांच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट मी तारखेसह जपले होते. त्यांतल्या चार जाहिरातींत ‘घरची गाडी’ हे शब्द होते. घर मोठे असावे.

मे महिन्यात जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या पोर्टलवरून तक्रार दाखल केली. २०१९ च्या कायद्यात मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाहून आयोगाचा दर्जा आणि शुल्क ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यामुळे मला काही भरावे लागले नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते आणि ती तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, ही सोय परगावच्या विक्रेत्याकडून गाडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. मागणी दुहेरी ठेवली. गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, नाहीतर खऱ्या किलोमीटरच्या गाडीची किंमत आणि मी दिलेली किंमत यांतला फरक, मनस्तापासह. मीटरची छेडछाड हा फौजदारी फसवणुकीचाही विषय होऊ शकतो आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ त्यासाठी आहे. पण पोलिसांत जाण्याची धमकी देऊन पैसे काढण्याच्या मी विरोधात होतो, आणि वकीलबाईही.

तक्रारीची प्रत मिळाल्यावर विक्रेत्याचा सूर बदलला. आधी ६०,००० रुपयांची तयारी दाखवली, आणि ऑगस्टमध्ये लेखी तडजोड झाली ती १,०५,००० रुपयांवर. शिवाय हस्तांतराचा खर्च त्याने करायचा आणि नाशिकच्या काकांच्या नावावर मधल्या काळात आलेली दोन ई-चलनेही त्यानेच भरायची. पूर्ण रक्कम परत घेण्यासाठी मी का लढलो नाही, असे घरातूनही विचारले गेले. तपासणीची गरज असलेली तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असे कायदा सांगतो, पण तारखा कशा पडतात हे सर्वांना ठाऊक आहे, आणि पत्नीला रोज खडकवासल्याच्या शाळेत जायला गाडी हवी होती. नवा क्लच टाकल्यापासून गाडी ठीक चालते. एप्रनचे काम आमच्या मेकॅनिकने तपासून ‘घाटात पळवू नका’ एवढी सूचना दिली आहे.

ब्रिटनमध्ये असते तर हे प्रकरण वेगळे झाले असते, हे लेस्टरला राहणाऱ्या पुतणीशी बोलताना कळले. तिथे २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने व्यापाऱ्याकडून घेतलेली जुनी गाडी सदोष निघाल्यास ३० दिवसांत परत करता येते, आणि व्यापाऱ्याने आपण खासगी विक्रेता असल्याचे भासवणे हा स्वतंत्र गुन्हाच धरला जातो, गाडीत दोष असो वा नसो. आपल्याकडे अशी मुखवट्यालाच शिक्षा करणारी थेट तरतूद असती तर मला नाशिकपर्यंत पत्र पाठवावे लागले नसते.

आता गुण. जाहिरात आणि सादरीकरण यांत विक्रेता पैकीच्या पैकी गुणांचा मानकरी आहे. कागदपत्रांना शून्य. विक्रीनंतरच्या वागणुकीला नोटिशीपूर्वी शून्य आणि नोटिशीनंतर पाचांपैकी दोन, कारण ठरलेली रक्कम त्याने ठरलेल्या दिवशी भरली. गाडीला तीन. अधिकृत, पाटी लावून, बिल देऊन गाडी विकणाऱ्या डीलरकडे हीच गाडी कदाचित वीस-पंचवीस हजारांनी महाग मिळाली असती, आणि ते वीस-पंचवीस हजार देणे मला परवडले असते. गाडी पाहायला जाणाऱ्यांनी विकणाऱ्याचे ओळखपत्र आरसीवरच्या नावाशी जुळवावे, नावे वेगळी असतील तर आरसीवरच्या माणसाशी स्वतः बोलल्याशिवाय टोकन देऊ नये, आणि पैसे ज्या खात्यात जातात त्या खात्याच्या नावाचा स्क्रीनशॉट घेतल्याशिवाय मोबाइल खिशात ठेवू नये.

आरसी सप्टेंबरमध्ये टपालाने माझ्या नावावर आली. त्यावर मालकाचा अनुक्रम दोन आहे. परवान्याशिवाय व्यापार केल्याबद्दल आरटीओकडे दिलेल्या वेगळ्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे, आणि त्याला जोडलेल्या कागदांत माझी फाटकी आणि काकांची पूर्ण अशा दोन्ही डिलिव्हरी नोटा आहेत.